पटासोबत पऱ्हेही मोजा : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीत जिल्हा परिषदेची शाळा आहे. पहिली ते चौथी, पट 14, शिक्षक एक. माझा मुलगा तिथे तिसरीत शिकतो आणि मी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे.

सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षण आयुक्तालयाने कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले. वीसपेक्षा कमी पटाच्या 14,783 शाळा तेव्हा राज्यात मोजल्या गेल्या. अशा समूह शाळा जिथे आधी उभ्या राहिल्या, त्या पानशेत आणि तोरणमाळचे दाखले दिले गेले. मोठी शाळा, खेळायला सवंगडी, विषयाला शिक्षक, हे कुणाला नको आहे? मलाही हवे आहे. पण आमचा गाव म्हणजे एका जागी वसलेली वस्ती नव्हे. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, एक वाडी, उतारावर दुसरी, खाडीकाठी तिसरी. शेजारच्या गावची शाळा नकाशावर दीड किलोमीटरवर दिसते. प्रत्यक्षात दगडी पायऱ्यांची पाखाडी उतरायची, दोन पऱ्हे म्हणजे पावसाळी ओढे ओलांडायचे, मग चढ. त्यातल्या एका पऱ्ह्यावर लाकडी साकव आहे, तो आम्ही दरवर्षी मेअखेरीस पुन्हा बांधतो. दुसऱ्यावर तोही नाही. जुलैत तिथे मोठ्या माणसाच्या कमरेएवढे पाणी येते. गाडी देऊ म्हणाल, तर गाडी सड्यावर थांबणार. घरापासून सड्यापर्यंत सात वर्षांच्या मुलाला पोचवायचे कुणी? लावणीच्या दिवसांत घरातली सगळी माणसे पहाटेपासून चिखलात असतात.

मुरुडचे धोंडो केशव कर्वे परीक्षा देण्यासाठी घाट चढून साताऱ्याला चालत गेले, ही गोष्ट आम्ही लहानपणी अभिमानाने ऐकली. त्याला दीडशे वर्षे होत आली. पहिलीच्या मुलाकडून अजून त्याच हिमतीची अपेक्षा ठेवू नये.

आता शाळा निवडण्याच्या हक्काविषयी. शिक्षण हक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांत गरीब व वंचित मुलांसाठी 25 टक्के जागा राखून ठेवल्या. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळेला यातून सूट, असा बदल राज्याने फेब्रुवारी 2024 मध्ये केला आणि त्याच वर्षी जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. शहरातल्या गरीब पालकांसाठी हा निकाल मोलाचा आहे. आमच्यापर्यंत मात्र ती वाट पोचतच नाही, कारण जवळची खाजगी शाळा 17 किलोमीटरवर आहे. ज्यांना परवडते ते व्हॅनचे भाडे भरतात, काही जण मुलांना घेऊन मुंबईला जातात. दर जूनला पट एकदोनने उतरतो. हे पालक मराठी शाळेला कंटाळलेले नाहीत. एकाच शिक्षकाच्या भरवशावर मूल ठेवायला ते घाबरतात, आणि त्यांना दोष देण्याचे धाडस मला होत नाही.

आमचे गुरुजी जीव ओतून शिकवतात. पहिलीला अक्षरे गिरवायला लावून तिकडे चौथीचा भागाकार घेतात. पण केंद्रावर बैठक असली, निवडणुकीचे काम आले, प्रशिक्षण लागले, की त्या दिवशी शिकवायला कुणी नसते. पोषण आहाराची नोंद आणि ऑनलाइन माहिती भरणे रोजचेच. कायद्याच्या परिशिष्टात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक लिहिले आहेत. तरीही 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटानुसार शिक्षकपदे ठरवण्याच्या, निकषांत वीसच्या आतल्या शाळेला नियमित शिक्षक एकच. दुसऱ्या जागेसाठी कधी निवृत्त शिक्षक, कधी कंत्राटी, असे उपाय होत राहिले. त्यातच बाहेरच्या जिल्ह्यांतून इथे नेमणूक झालेले शिक्षक आंतरजिल्हा बदलीने आपल्या गावी परततात. घरी जावेसे वाटणे स्वाभाविकच आहे. पण त्यांची जागा रिकामी राहते आणि इथलीच डीएड झालेली मुलेमुली काजूच्या कारखान्यात नाहीतर मुंबईत कामाला जातात. स्थानिकांना प्राधान्य द्या, ही मागणी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातून कितीतरी वर्षे होते आहे.

दहावीच्या निकालात कोकण विभागीय मंडळ, ते स्थापन झाल्यापासून, राज्यात पहिले येते. मार्च 2024 चा निकाल 99.01 टक्के होता. त्या यशाचा पाया अशाच वाडीवरच्या शाळांत घातला गेला, असे मी मनापासून मानते.

माझी मागणी अशी. पट कितीही असो, प्रत्येक शाळेला दोन नियमित शिक्षक द्या आणि दुर्गम शाळांवरच्या नेमणुकीत स्थानिक उमेदवारांना किमान काही वर्षे तिथेच राहण्याच्या अटीवर प्राधान्य द्या. शाळा जोडण्याचा निर्णय व्यवस्थापन समितीच्या लेखी संमतीशिवाय घेऊ नका. 2024 मध्ये गणवेशाचे काम समित्यांकडून काढून घेतले, मुले अर्धे वर्ष जुन्याच कपड्यांत आली आणि अखेर ते काम समित्यांकडेच परत आले. शाळेबाबत तशी चूक झाली तर ती वर्षभरात दुरुस्त होणार नाही. मोडलेली शाळा पुन्हा उघडल्याचे मी तरी आमच्या भागात पाहिलेले नाही.

30 सप्टेंबरचा पट धरून पुढची संचमान्यता ठरेल. त्या तक्त्यात आमच्या शाळेपुढे 14 हा आकडा असेल. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना घाला : पर्यायी शाळेपर्यंत चालत किती मिनिटे, वाटेत पऱ्हे किती, साकव किती. तो जुलै महिन्यात, वाट चालून भरायला सांगा. आमच्या वाडीची वाट दाखवायला मी स्वतः येईन.

आपली,
एक पालक व शाळा व्यवस्थापन समिती सदस्य,
ता. राजापूर, जि. रत्नागिरी