तोरणमाळला निघण्यापूर्वी : कॅरॅव्हॅनच्या बॅटरीच्या चार्जिंगबाबत सूचना

सर्व सभासदांना नमस्कार. जळगावहून शहाद्यामार्गे तोरणमाळला निघण्याआधी प्रत्येकाने गाडीपासून कॅरॅव्हॅनच्या बॅटरीपर्यंतची वायर तपासून घ्यावी. दिवसभर गाडी चालली म्हणजे बॅटरी भरलीच, असे धरून चालू नका.

गोम बहुतेक वेळा वायरीतच असते. तांब्याची ४ चौरस मिमी वायर जाऊन-येऊन २० मीटर असेल, तर २० अँपिअरला जवळपास १.८ व्होल्ट वाटेतच जातात. लेड-अॅसिड बॅटरी पूर्ण भरायला टोकांवर १४.४ व्होल्टच्या आसपास लागतात; ते मिळत नाहीत, करंट घटतो आणि बॅटरी अर्धीमुर्धी राहते. १६ चौरस मिमी वायर टाकली की ही घट अर्ध्या व्होल्टच्या आत येते. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

बीएस-६ च्या अनेक गाड्यांत स्मार्ट अल्टरनेटर (इंजिनवर चालून वीज तयार करणारे, व्होल्टेज स्वतः कमी-जास्त करणारे यंत्र) असतो. गाडीची स्वतःची बॅटरी भरली की तो व्होल्टेज उतरवतो. अशांनी साध्या रिलेवर (दोन्ही बॅटऱ्या नुसत्या जोडणारा स्विच) न राहता डीसी-डीसी चार्जर (आलेले व्होल्टेज कॅरॅव्हॅनच्या बॅटरीला हवे तेवढे करून देणारे यंत्र) बसवावा. लिथियमवाल्यांनी तर नक्कीच : ती बॅटरी करंट फार ओढते, अल्टरनेटर तापतो, त्यात आपल्याकडचा उन्हाळा.

दोन्ही बॅटऱ्यांच्या पॉझिटिव्ह टोकाजवळ फ्यूज हवाच. वायर घासून शॉर्ट झाली तर आग लागते.

फ्रिजची वायर वेगळी ठेवा, आणि इंजिन बंद झाल्यावर तो गाडीची बॅटरी उतरवत नाही ना, तेही बघा.

मल्टिमीटर नसेल त्यांनी ग्रुपवर कळवावे. आदल्या दिवशी इंजिन चालू ठेवून मोजून देऊ.