खड्डा किती खोल हवा?

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "म्हणजे शेवटी गॅरेजच ना?" मी हसून विषय बदलला, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. हो बाबा, मी ट्राम दुरुस्तीची शेड आखतेय, म्हणजे गॅरेजच. फक्त दुरुस्तीला येणारी गाडी 30 मीटर लांब, तिला रूळ सोडून वळता येत नाही आणि डोक्यावर 750 व्होल्टची तार.

त्या लांबीनेच माझी फजिती केली. ओल्या रुळावर जोरात ब्रेक लागला की चाक घसरतं, एका जागी चपटं होतं आणि मग ट्राम ठकठक करत धावते. हे चाक गोल करायला काढावं लागत नाही. रुळाखालच्या खड्ड्यात लेथ असतं, गाडी वर उभी करायची आणि जागच्या जागी चाक तासायचं. मशीन केवढंसं, म्हणून मी ते शेडच्या टोकाला, भिंतीशी काढलं. मग कागदाची ट्राम कापून नकाशावर सरकवली. पुढचं चाक लेथवर असताना अख्खी गाडी मागे, शेवटचं चाक आलं की अख्खी गाडी पुढे! माझी ट्राम भिंतीतून आरपार गेली होती. आता लेथ मधोमध आहे आणि दोन्ही अंगांना गाडीभर सरळ, सपाट रूळ आहे. ही चूक अजून कुणाला सांगितलेली नाही.

आई, तुझा प्रश्न शॉकचा, तिथे कुणाला बसणार तर नाही ना म्हणून. डब्याच्या छतावर काम करायला जिना चढून वरच्या फलाटावर जायचं असतं. तारेचा प्रवाह तोडून ती अर्थ केल्याशिवाय, म्हणजे जमिनीशी जोडल्याशिवाय, त्या जिन्याच्या दाराची किल्लीच सुटत नाही, आणि किल्ली परत जागेवर बसल्याशिवाय प्रवाह सुरू होत नाही. रुळांचीही गंमत आहे, कारण तारेतून आलेली वीज त्यांच्यातूनच परत जाते. रस्त्यावर ते जमिनीपासून जमेल तितके अलग ठेवतात, नाहीतर परतीचा प्रवाह मातीत शिरून पाण्याचे पाइप खातो. शेडमध्ये नेमकं उलट. रूळ मुद्दाम अर्थ करायचे, म्हणजे गाडीला हात लावणाऱ्याला धक्का बसायला नको. दोन्हींच्या सीमेवर रुळात इन्सुलेटेड, म्हणजे वीज पलीकडे न जाऊ देणारा सांधा. त्यावर ट्राम उभी ठेवायची नाही, कारण तिची चाकंच दोन्ही बाजू जोडून टाकतात.

बाबा, तुम्ही नोकरीभर विजेच्या मोटारींचे कार्बन ब्रश बदललेत, फिरत्या भागाला घासून वीज पोचवणारे ते तुकडे. 1888 साली फ्रँक स्प्रेग यांनी अमेरिकेत रिचमंडला विजेच्या ट्राम सुरू केल्या, तेव्हा ब्रश धातूचे होते आणि सारखे झिजायचे. कार्बनने तो जाच कमी केला. आता तर ट्रामला एसी प्रवाहाच्या मोटारी, ब्रशच नाहीत. शिवाय चढायला सोपं म्हणून डब्याची जमीन खाली आणली, त्यामुळे खालच्या यंत्रांच्या बऱ्याच पेट्या छतावर गेल्या. निम्मा फिटर आता आभाळाकडे.

उरलेला निम्मा मात्र अजून गाडीखाली उभं राहून काम करायच्या खड्ड्यात, आणि माझं घोडं तिथेच अडलंय. नकाशात खोली 1.4 मीटर आहे. गाडीचं पोट रुळापासून जेमतेम वीतभर वर, म्हणजे उंच माणूस दिवसभर मान मोडून उभा राहणार. बैठकीत ऐकलं, "सगळीकडे एवढाच असतो." असेल. तुमचा उजवा खांदा मी लहानपणापासून बघतेय, रात्री शर्ट काढताना आई बाही धरायची ते. खड्डा जास्त खोल झाला तर बुटक्या माणसासाठी तळाला लाकडी पाट टाकता येतात. उथळ झाला तर पुढची पन्नास वर्षं कुणी खणणार नाही. पाणी साचेल ही हरकत खरी आहे, पण ती पंपाची गोष्ट आहे.

काँक्रीट पुढच्या महिन्यात पडेल. त्याआधी एक काम करा. आई, बाबांना भिंतीशी उभं कर, हातात पाना दे आणि डोक्यावरचा नट आवळतात तसा हात हळूहळू वर न्यायला सांग. डोक्याची उंची टेपने मोज, आणि खांदा दुखायला लागेल तिथे मुठीची. बाबा म्हणतील, "दुखत नाही." त्यांच्या तोंडाकडे बघून आकडा लिही.

तुमची लेक