फेलोशिप वेळेवर द्या

रविवारच्या पुरवणीतला, समुद्री संवर्धनात पीएचडी करणाऱ्या बडोद्याच्या मुलीवरचा लेख वाचला, आवडला, पण फोटो सगळे कासवांचे आणि डायव्हिंगचे. खरं काम म्हणजे वेरावळ बंदरात पहाटे ट्रॉलर लागले की मासे पट्टीवर मोजायचे, डोक्यातला कानाचा बारीक खडा काढून मायक्रोस्कोपखाली त्याच्या रेषांवरून वय ठरवायचं, आणि हेच वर्षानुवर्षं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेवायची की नाही, जाळ्याचा डोळा (भोक) केवढा हवा, हे असल्याच आकड्यांवर ठरवावं लागतं ना, मग हे काम करणाऱ्या संशोधक मुलांची फेलोशिप, म्हणजे दरमहा मिळणारं विद्यावेतन, महिनोन्‌महिने का अडकते? आमच्या नात्यातला एक हुशार मुलगा यापायीच रिसर्च सोडून बँकेत लागला, फार वाईट वाटतं. देशातल्या राज्यांत सगळ्यात लांब किनारा गुजरातचा, निदान इथे तरी फेलोशिप दर महिन्याला खात्यात जमा व्हायलाच हवी.

– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा