गंगेवरचा बुधवारचा बाजार गंगेवरच राहू द्या

माननीय संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी पंचवटीत राहते. लग्न होऊन इथे आले त्याला 34 वर्षं झाली आणि तेव्हापासून बुधवार म्हणजे गंगेवर, म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदावरीच्या घाटावर, आठवडे बाजाराला जायचं हे ठरलेलंच. सासूबाई 1968 साली या घरात आल्या, त्या सांगायच्या की त्यांच्या सासूबाई पहिल्याच महिन्यात त्यांना हाताला धरून याच बाजारात घेऊन गेल्या होत्या, कोणाकडून काय घ्यायचं हे दाखवायला. आता 2027 च्या सिंहस्थ कुंभमेळ्याची बोलणी जिथे तिथे चालू आहेत आणि बाजारातल्या बायका दर आठवड्याला मला एकच विचारतात, ताई आम्हाला इथून उठवतील का हो? मला काय उत्तर द्यावं कळत नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसले.

आमची नेहमीची एक मावशी आहे, पेठ तालुक्याकडची. पहाटेच्या गाडीनं येते, डोक्यावर गोणी आणि काखेत पिशवी. पावसाळ्यात तिच्याकडे करटुली असतात, कुरडूची भाजी असते, दिवाळीनंतर नागली म्हणजे नाचणी, उडीद, खुरासणी, जे घरचं पिकलं ते. नागली ती अजून मापट्यानंच देते, वर शीग लावते आणि शीग लावून झाल्यावर परत एक मूठ पिशवीत टाकते, लेकरांना भाकर करून घाल म्हणते. मोबाईलचं पेमेंट पण घेते. गोणीला सुतळीनं बांधलेला क्यूआर कोड नातवाचा आहे, मी पैसे टाकले की ती गावाला फोन लावणार, आले का रे विचारणार आणि तो हो म्हणाला की मगच पिशवी माझ्या हातात.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगते. ऊन मरणाचं होतं, घाटाची फरशी चपलेतून चटके देत होती, मी माझी पाण्याची बाटली तिच्यापुढे केली तर नको म्हणाली. परत म्हटलं तेव्हा हळूच बोलली, ताई पाणी प्यालं की जावं लागतं, लांब जायचं तर माल कोणाच्या भरवशावर टाकू. पहाटे घरातून निघालेली बाई, दुपारचे तीन वाजत आलेले, आणि तिने मुद्दाम पाणी घेतलं नव्हतं. शेजारी बसलेल्या दोघीतिघींना विचारलं तर सगळ्यांचं तेच. त्या दिवशी घरी येऊन मला जेवण गेलं नाही. एवढी वर्षं मी यांच्याकडून कोथिंबिरीची जुडी दोन रुपये कमी करून घेत आले आणि ही साधी गोष्ट कधी विचारली नव्हती.

सांगायचं हे की बाजार हलवायची चर्चा करण्याआधी त्या बाजारात बसणाऱ्या माणसाला काय लागतं ते बघा. डोक्यावर सावली नाही, चार काठ्या आणि एक फडकं बांधून पाल करतात तेही वाऱ्यानं उडतं. कोणी कुठे बसायचं याची आखणी नाही, म्हणून चालायला वाट राहत नाही आणि मग दोष विकणाऱ्यांच्याच माथी. घाण होते हेही खरं आहे, ते मी लपवणार नाही, संध्याकाळी बाजार उठला की पाल्याचा आणि सडक्या टोमॅटोचा खच पडतो, पातळ पिशव्या वाऱ्यानं सरळ पाण्यात जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पाण्यात लोक अंघोळ करतात. बघून जीव तुटतो. पण प्रत्येक रांगेला एक मोठा ड्रम ठेवला आणि कचऱ्याची गाडी त्याच संध्याकाळी आली तर पाला पाण्यात जाईल कशाला. बाजार हलवून घाण पण फक्त दुसरीकडे हलेल.

आणि हा बाजार एकटा नाही हो. सकाळी घाटावर माल विकला की त्याच बायका कमरेची पिशवी चाचपत वर गावात जातात, भांडी बाजारात लेकीसाठी पातेलं, मेन रोडला पोराचे कपडे, कोणाच्या घरी लग्न असेल तर सराफ बाजारात मणी करून घेतात, आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. आमच्यासारख्या घरच्या बायकांचंही तसंच, एप्रिलमध्ये मसाल्याच्या मिरच्या, धने, दगडफूल, नाकेश्वर घ्यायला निघालं की गंगेवरून सुरुवात करून रविवार कारंज्यापर्यंत पायी फिरणं होतं. बाजार पाच सहा किलोमीटर लांब कुठल्या मैदानात नेला तर पेठच्या मावशीला बस बदलून रिक्षा करावी लागेल आणि तिच्या गोणीभर नागलीत रिक्षाचं भाडं बसत नाही. ती येणारच नाही. मग आपण पॅकेटमधलं नाचणीचं पीठ घेऊ आणि गावातले दुकानदार म्हणतील बुधवारची गिऱ्हाइकी कुठे गेली. गणेशवाडीत भाजीबाजाराची इमारत बांधली होती तिचं काय झालं ते सगळ्या पंचवटीनं बघितलंय, ओटे आत रिकामे आणि भाजीवाले बाहेर रस्त्यावर, कारण येता जाता घेणारं गिऱ्हाईक मुद्दाम आत वळत नाही.

कायद्याचं पण थोडं बोलते, माझा भाचा वकिली शिकतोय त्याच्याकडून समजून घेतलं. 2014 साली फेरीवाल्यांसाठी केंद्राचा कायदा झाला, त्यात लिहिलंय की ज्या ठिकाणी विक्रेते 50 वर्षांपेक्षा जास्त काळ धंदा करत आलेत असा बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करायचा आणि तिथल्या लोकांना हलवायचं नाही. माझ्या सासूबाईंच्या आठवणीवरूनच पन्नास वर्षं कधीच उलटली. त्याच कायद्यात शहरासाठी समिती सांगितली आहे, तिच्यात 40 टक्के तरी माणसं विक्रेत्यांमधून निवडून आलेली पाहिजेत आणि त्यात एक तृतीयांश बायका. या बाजारातल्या बायकांना कोणी तरी जाऊन हे सांगायला हवं, मी विचारलं त्या एकीलाही माहीत नव्हतं.

सिंहस्थाच्या गर्दीची काळजी मलाही आहे, ती कोणाला नसेल. 2003 च्या सिंहस्थात 27 ऑगस्टला चेंगराचेंगरी झाली ती आम्ही विसरलो नाही, तो दिवस आठवला की अजून अंगावर काटा येतो. पण नाशिकच्या तीन मुख्य स्नानांच्या ज्या तारखा जाहीर झाल्यात त्या कॅलेंडरवर बघा, 2 ऑगस्ट 2027 ला सोमवार आहे, 31 ऑगस्टला मंगळवार आणि 11 सप्टेंबरला शनिवार. एकही बुधवार नाही. 31 ऑगस्टच्या दुसऱ्या दिवशी बुधवार येतो, तो आणि आजूबाजूचे गर्दीचे बुधवार बंद ठेवा, महिनाभर आधी सगळ्यांना सांगा, कोणी नाही म्हणणार नाही. पुराच्या वेळी ही माणसं काय करतात ते आपण बघितलंय. 2 ऑगस्ट 2016 ला मंगळवारी गंगेला महापूर आला, सराफ बाजार, भांडी बाजार सगळीकडे पाणी, दुसऱ्या दिवशी बुधवार होता पण घाटावर नुसता गाळ. पुढच्या बुधवारी मी गेले तर थोडेच जण आले होते, फावड्यानं आपापल्या जागेपुरता गाळ ओढून, खाली ताडपत्री टाकून बसले होते. धरणातून पाणी सोडलं की नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलंय ते बघून ते स्वतःच माल उचलतात. थांबायला सांगितलं तर थांबतील, फक्त परत याच जागेवर यायचंय हे त्यांना आधी लिहून द्या.

माझं मागणं एवढंच आहे. सिंहस्थासाठी घाटाचं जे काम होईल त्याच्या नकाशात बुधवारच्या बाजाराची जागा दाखवा, फरशीवर रंगानं पट्टे मारून चालायची वाट वेगळी सोडा, ऊन पावसाला आडोसा होईल असं काढता घालता येणारं छत द्या. हे करायला वेळ लागेल ते मी समजू शकते. पण बायकांसाठी एक फिरतं शौचालय बुधवारी सकाळी सहाला घाटाजवळ आणून उभं करायचं, पाण्याच्या टाकीसकट, सोबत एक बाईमाणूस देखरेखीला, आणि संध्याकाळी बाजार उठला की घेऊन जायचं, याला सिंहस्थाची वाट बघायची काही गरज नाही, हे येत्या बुधवारपासूनही होऊ शकतं.

आपली,
एक गृहिणी, पंचवटी, नाशिक