बागेतलं ओरडणं लिहून ठेवा

संपादक महोदय,

जूनच्या तिसऱ्या रविवारी पितृदिन येतो आणि पुरवण्या वडिलांच्या आठवणींनी भरतात. त्यांचा घाम येतो, झिजलेल्या वहाणा येतात. त्यांनी नेमकं शिकवलं काय, ते क्वचितच येतं. देवगड-रत्नागिरीकडच्या बागायती घरांत बापाची शिकवण बहुधा झाडाखालून मारलेल्या हाकेतून मिळते. कारण सांगत बसायला हंगामात कुणाला सवड नसते, त्यामुळे पोराला तो नुसता जाच वाटतो. त्या ओरडण्यामागची कारणं कुठेतरी छापून यावीत म्हणून हे पत्र.

‘देठ ठेव रे, चीक पडतलो!’ हे पहिलं ओरडणं. आंबा देठापासून तुटला की चीक उसळून सालीवर ओघळतो. तो जिथे लागतो तिथे साल भाजते आणि पिकताना काळा डाग उमटतो. शिवाय उघड्या पडलेल्या खळग्यातून देठकूज आत शिरते आणि वरून देखणा दिसणारा आंबा अढीत (पिकवण्यासाठी रचलेल्या पेंढ्याच्या थरांत) देठाकडून काळवंडत जातो. म्हणून फळाला एक-दोन सेंटिमीटर देठ ठेवूनच काढणी करायची. काठीने हिसडून पाडलेल्या आंब्याला देठ राहत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘नूतन झेला’ याच कामासाठी आहे. त्याच्या पात्याने देठ कापला जातो आणि फळ जाळीत पडतं. पातं बोथट झालं की झेलाही देठ ओढतो, आंबा डागी होतो आणि दोष गड्याच्या माथी येतो. पात्याला रोज सकाळी धार लावायची, एवढंच त्याचं औषध.

कुठला आंबा काढायचा, हे शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. चौदा आणे (सोळांतले चौदा, म्हणजे जवळजवळ पूर्ण) तयार झालेल्या हापूसचे खांदे देठाच्या वर उचललेले असतात, देठाशी खळगा पडतो आणि गडद हिरवा रंग उतरून फिका होतो. नजर बसेपर्यंत बादलीभर पाणी हाताशी ठेवावं. तरंगतो तो कोवळा, बुडतो तो तयार. कोवळा आंबा अढीत सुरकुततो, त्याला गोडी येत नाही. मग भाव लवकर मिळावा म्हणून घाईने काढलेल्या पहिल्या पेट्या साऱ्या गावाचं नाव घालवतात. (हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कोवळा माल पाठवणाऱ्याला त्याचा काय उपयोग, ते त्यानेच सांगावं.)

झाडावर जास्त दिवस ठेवलेल्या फळाला वेगळंच दुखणं होतं, ते म्हणजे साका. बाहेरून काही दिसत नाही, कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर निघतो. फळ झाडावर फार पक्व झालं आणि त्याला तापलेल्या कातळाची धग लागली की साका वाढतो. बुंध्याभोवती गवताचं किंवा पालापाचोळ्याचं आच्छादन करा, काढणी सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर करा, आणि काढलेला आंबा क्षणभरही उन्हात किंवा उघड्या जमिनीवर ठेवू नका, हे वडील याचसाठी सांगतात. टोपली सावलीत न्यायचा कंटाळा केला, तर त्याचा हिशेब ग्राहकाच्या सुरीखाली होतो.

अढीबद्दल थोडक्यात. कोरडा भाताचा पेंढा, त्यावर आंब्यांचा थर, मध्ये पुन्हा पेंढा, आणि थर दोन-तीनपेक्षा जास्त नकोत. खालचे दबले की तिथूनच कूज सुरू होते. आठ-दहा दिवसांनी रंग भरतो. कॅल्शियम कार्बाइडवर कायद्याने बंदी आहे. त्याने सालीला रंग येतो, आतला गर मात्र तयार होत नाही.

आता पावसाळ्यातलं काम. ‘सांध्याखालची फूट काढ’ हे वाक्य बागेत कितीदा कानावर पडतं! कलम म्हणजे रायवळ (गावठी) आंब्याच्या रोपावर, म्हणजे खुंटावर, बसवलेली हापूसची काडी. सांध्याखालून फुटलेला धुमारा रायवळाचा असतो. तो जोरात वाढतो, काडीचं अन्न खातो, आणि चार-पाच वर्षांनी हापूस म्हणून लावलेल्या झाडाला आंबट रायवळ लागतात. लावताना सांधा जमिनीच्या वर ठेवायचा तोही याचसाठी. मातीत गाडला गेला, तर खालची फूट दिसतच नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये कोय कलमं बांधली जातात. कोय रुजून आलेलं रोप पंधरा-वीस दिवसांचं, पानं अजून तांबूस असलेलं घ्यावं. ते हिरवं आणि निबर झालं की सांधा नीट जुळत नाही. काडी दहा-पंधरा सेंटिमीटरची, डोळा फुगलेला पण न फुटलेला. तिला दोन्ही बाजूंनी चार-पाच सेंटिमीटरचा पाचरीसारखा काप द्यायचा, रोपाच्या चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. काडी आणि खुंट सारख्या जाडीचे नसतील, तर निदान एका बाजूची साल सालीला भिडली पाहिजे. कलमं मरतात ती बहुतेक दोन कारणांनी: कापात पावसाचं पाणी शिरतं, किंवा सांधा जुळल्यावरही पट्टी सोडायची राहून जाते आणि ती खोडाला काचते.

बांडगुळाचं तेच. नुसती हिरवी पानं ओरबाडली की ते पुन्हा फुटतं, कारण त्याचं मूळ फांदीत रुतलेलं असतं. ते फळायच्या आत, चिकटल्या जागेच्या खालून फांदीसकट कापावं, नाहीतर पक्षी बी पसरवतात. जखमेवर बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा लेप) लावावी: एक किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे, आणि भांडं प्लॅस्टिकचं. लोखंडी चालत नाही, मोरचूद त्याला खातो. तयार मिश्रणात विळ्याचं चकचकीत पातं बुडवून पाहावं. तांबूस चढलं तर चुना कमी पडलाय, आणखी घालावा.

हे सगळं विद्यापीठाच्या पुस्तिकांतही सापडेल. तुमच्याच बागेतल्या कुठल्या कलमाला एक वर्षाआड मोहोर येतो, कुठल्या झाडाच्या दक्षिणेकडच्या फांदीचे आंबे आधी काढावे लागतात, कुठे साका हमखास निघतो, ते मात्र फक्त वडिलांना ठाऊक असतं. आज पुष्कळ बागांत झेला नेपाळी गड्यांच्या हाती आहे, काही बागा सरळ व्यापाऱ्याला फळावर (झाडावरचं पीक आधीच विकून) दिल्या जातात, आणि मुंबई-पुण्यातली मुलं गणपतीला चार दिवस येऊन परत जातात. त्या चार दिवसांत वडिलांबरोबर बागेतून एक फेरी मारावी. प्रत्येक झाडाला पत्र्याचा नंबर लावावा आणि ते सांगतील ते वहीत नंबरावारी उतरवून घ्यावं. खिळा खोडात ठोकू नये, नंबर तारेने फांदीला सैल अडकवावा.

आपल्या जिल्हा पुरवणीत अशा वह्यांसाठी आठवड्याला अर्धा रकाना राखता आला तर पाहावं. पहिला मजकूर काढणीचा नको, जुलैच्या कोय कलमांचा घ्या, म्हणजे छापून येईल तेव्हा वाचणाऱ्याला लगेच करून बघता येईल.

— एक आंबा बागायतदार, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग