१९५० च्या आदेशातला तो तिसरा परिच्छेद कधी काढणार?

संपादक साहेब, जय ख्रिस्त.

धर्मस्वातंत्र्याचा विषय निघाला की आपल्याकडे गाडी लगेच धर्मांतरावर जाते, फेब्रुवारी २०२५ ला राज्य सरकारने पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली तेव्हापासून तर विचारूच नका. फसवून, दमदाटी करून केलेलं धर्मांतर आम्हालाही नकोय, कॅथलिक चर्चच्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्येच लिहून ठेवलंय की श्रद्धेची सक्ती करता येत नाही (उशिरा सुचलं म्हणा, गोव्याचं इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीज काळातला चर्चचा धर्मछळ, काय कोणी विसरलेलं नाही). पण कोणी स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाला तर त्याचं पुढे काय होतं ते कोणी बोलत नाही.

आमच्या नगर जिल्ह्यातले बरेच ख्रिस्ती मूळचे महार-मांग समाजातले. रविवारी उपासनेला जाणार, सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला जाणार आणि पोराच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मात्र 'हिंदू महार', अशी कित्येक घरं आहेत. लोक म्हणतात ही लबाडी. अहो पण ती करायला लावली कोणी? १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात तिसरा परिच्छेद आहे, हिंदू सोडून दुसरा धर्म मानणारा अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही म्हणून. १९५६ ला त्यात शीख घेतले, १९९० ला बौद्ध घेतले, बरंच झालं, पण ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेरच, म्हणजे धर्म बदलला की अनुसूचित जातीच्या सवलती गेल्या.

आणि हे फक्त नोकरी-ॲडमिशनपुरतं नाहीये. २०२५ मध्ये आंध्र हायकोर्टात एका पाळकाची (चर्चच्या पास्टरची) केस होती, जातीवरून शिवीगाळ आणि मारहाण झाली म्हणून त्याने ॲट्रॉसिटी लावली होती, कोर्ट म्हणालं तू ख्रिस्ती झालास म्हणजे अनुसूचित जातीचा राहिला नाहीस, केस रद्द. शिव्या देणाऱ्याला त्याची जात बरोबर माहीत होती, फक्त कायद्याला दिसली नाही!

गंमत म्हणजे २०१५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाप्रमाणे असा माणूस परत हिंदू झाला आणि जातवाल्यांनी त्याला स्वीकारलं तर सवलत परत मिळू शकते. आमिष दाखवून धर्मांतर करू नका असा कायदा बऱ्याच राज्यांत आहे, ठीक आहे, मग धर्म बदललास तर सवलत काढून घेऊ आणि परत आलास तर देऊ, हे आमिष नाही तर काय आहे? केंद्र सरकारने नेमलेल्या रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्येच सांगितलं की अनुसूचित जातीचा दर्जा धर्माला बांधू नका, ऐकतंय कोण.

काही जण विचारतात तुमच्या धर्मात जातच नाही तर सवलत कशाला. बायबलात नाही हो, पण गावात आहे, आणि खरं सांगायचं तर चर्चमध्येही आहे. तामिळनाडूत त्रिचीच्या कॅथलिक कबरस्तानात दलित ख्रिस्ती एका बाजूला, वरच्या जातीचे दुसऱ्या बाजूला अशी मधे भिंत बांधलेली, मेल्यावर सुद्धा सुटका नाही. दरवर्षी १० ऑगस्टला आपण काळा दिवस पाळतो, निवेदनं देतो, तर आमच्या बिशप-पाळकांनी त्याच दिवशी चर्चमधल्या जातीवर एक निवेदन स्वतःच्या चर्चच्या मंडळीलाही वाचून दाखवावं.

आणि साहेब, धर्मांतराच्या एवढ्या बातम्या छापता, त्यात एकदा तो तिसरा परिच्छेदही जसाच्या तसा छापा. फार जागा लागणार नाही.

एक वाचक, श्रीरामपूर