बायच्या औषधांच्या वहीबद्दल

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज येऊन आठ दिवस झाले, उत्तर द्यायला उशीर झाला कारण मधे आमच्या पोरीला, बायला, परत फिट आली आणि सगळी रात्र तशीच गेली. आता बरी आहे, सकाळी उकड्या तांदळाची पेज खाल्ली.

बायला पुण्याच्या होमिओपॅथवाल्यांना दाखव असं तू लिहिलंस, त्याचा राग बिलकुल आला नाही. सहा वर्षांची पोर, पाय लुळे पडतात, मधेच फिट्स, आणि रोगाला अजून नावच नाही म्हटल्यावर कोणीही काहीही सुचवतं आणि आपण ऐकतो. आईने देवळात कौल लावला, सासूबाई मिरच्या-मीठ घेऊन दृष्ट काढतात, त्याला मी कधीच नाही म्हणत नाही, त्याने पोरीला काही अपाय नाही आणि म्हाताऱ्यांनाही धीर येतो. पोटात जाणाऱ्या वस्तूचं मात्र वेगळं आहे रे.

गेल्या पावसाळ्यात काय झालं ते तुला सांगितलं नव्हतं. शक्ती यावी म्हणून आम्ही तिला गुळवेलीचा काढा देत होतो, वर एकाने दिलेल्या पुड्या, त्यावर लेबल नाही काही नाही, भस्म आहे एवढंच तो म्हणाला. महिन्याभराने रक्त तपासलं तर एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला त्रास झाला की वाढतो तो आकडा, २१२, एरवी साधारण चाळिसाच्या आत असायला हवा. डॉक्टरबाईंनी विचारलं, अजून काही देता का? आणि मी गप्प बसलो. घरी येऊन बायको रडली, दुसऱ्या दिवशी सकाळी परत जाऊन सगळं सांगितलं. त्या चिडल्या नाहीत, म्हणाल्या गुळवेलीनेही काहींच्या लिव्हरला त्रास झालेला आहे आणि भस्मात शिसं-पारा असू शकतो. बायच्या बाबतीत तर पेशींना शक्ती पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियात बिघाड असल्याचा संशय आहे म्हणून त्यांनी फिटचं व्हॅल्प्रोएट हे नेहमीचं औषधसुद्धा मुद्दाम टाळलंय, अशा काही मुलांचं लिव्हर त्याने बसतं. ते ऐकून माझे हातपाय गार पडले. काढा, पुड्या त्याच दिवशी बंद केल्या, दीड महिन्यात आकडा खाली आला, दोष नक्की कशाचा ते कळलं नाही.

तेव्हापासून एक वही केलीय, तेल, चूर्ण, टॉनिक, सगळं तारखेसकट त्यात लिहितो आणि तीच वही सगळ्यांपुढे ठेवतो. इथे गोव्यात धारगळला २०२२ मधे आयुर्वेदाचं मोठं सरकारी हॉस्पिटल झालं ना, तिथल्या वैद्यांनी आधी वही वाचली, मग फक्त अंगाला तेल लावायला सांगितलं, पोटात काही नाही. सकाळी फिजिओ, संध्याकाळी तेल, आणि खरंच तिला त्याने शांत झोप लागते. रोग बरा होतोय असं मी म्हणत नाही, पण झोप ही आमच्या घरात लहान गोष्ट नाही. एकजण म्हणाला फिटच्या गोळ्या थांबवा मग माझं औषध लागू पडेल, त्याच्या दारात परत गेलो नाही, त्या गोळ्या एकदम बंद केल्या तर जीवावर बेतू शकतं.

तुझ्या होमिओपॅथना एवढंच विचार, बाटलीत काय आहे ते लिहून देतील का आणि आमच्या डॉक्टरांशी फोनवर बोलतील का. हो म्हणाले तर मी येतो.

जीन्सची एक्झोम टेस्ट झालीय, आमच्या दोघांचंही रक्त दिलं होतं, एक बदल सापडला पण त्याचा अर्थ अजून लागत नाही असं रिपोर्टमधे आहे. वर्षा-दोन वर्षांनी तोच डेटा परत तपासला की कधीकधी उत्तर निघतं, म्हणून थांबलोय.

चवथीला, गणपतीला ये. गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्या माटोळीला सुपाऱ्यांचा घोस यंदा मीच बांधणार म्हणून बाय बसलीय, तिला उचलून धरायला दोघं लागतील.

तुझाच